दोन रिकाम्या खुर्च्या

धुळे चौफुलीवर रविवारी सकाळी मला माझाच चेहरा दिसला. हातात दुधाची पिशवी होती, रस्ता ओलांडायचा म्हणून रिक्षांच्या मागे थांबलो होतो आणि सहज वर पाहिलं. विजेच्या दोन खांबांना बांधलेल्या फ्लेक्सच्या डाव्या कोपऱ्यात मी होतो. कॉलेजच्या जुन्या ओळखपत्रावरचा फोटो. मोठा करताना कान जास्तच मोठे झालेले, आणि नजर अशी की कुणीतरी हाक मारलीय आणि ओ द्यावी की नाही हे अजून ठरलेलं नाही. मधोमध माझी मुलगी रुपा, हात जोडून. ‘कॅनडाच्या आमदार, खान्देशकन्या रुपाताई यांचा भव्य नागरी सत्कार. आज सायंकाळी. विशेष उपस्थिती : रुपाताईंचे वडील, ज्येष्ठ ग्रंथपाल पितांबर सर.’ आणि खाली, गॉगल लावलेला, आम्हा दोघांपेक्षा मोठा, माझ्या बहिणीचा मुलगा धर्मेंद्र. माझ्या छातीत जे झालं ते दुखणं होतं की नुसती लाज, हे मला आजही सांगता येणार नाही. छातीतलं काय कशाचं असतं हे मला त्या दिवसांत कळेनासंच झालं होतं. मागून रिक्षावाला म्हणाला, “बाबा, सरका ना, सोताले काय देखी ऱ्हायनात?” आणि मी सरकलो. बोलल्याबरोबर सरकायची मला जन्माची सवय आहे.

भीती फ्लेक्सची नव्हती. भीती ही होती, की रुपा नंदुरबारमध्ये का आहे हे त्या फ्लेक्सवर लिहिलेलं नव्हतं. ती आली होती माझ्या ऑपरेशनसाठी. बुधवारी सुरतेला माझी छाती उघडायची होती, आणि एवढ्या एका कारणावर तिकडचं एक सरकार उभं होतं. हे वाक्य लिहिताना मला संकोच वाटतो. माझ्यासारख्या माणसाच्या छातीवर सरकार उभं राहावं, हे कुठल्याही पुस्तकात वाचलं असतं तर मी पेन्सिलीनं समासात प्रश्नचिन्ह काढलं असतं. पण ते खरं होतं. रुपाच्या प्रांतात तिच्या पक्षाचं बहुमत एकाचं. सभापतीही त्यांच्याच पक्षातला, त्यामुळे तो खुर्चीत बसला की दोन्ही बाजू सारख्या होतात आणि समान मतं पडली तरच सभापती स्वतःचं मत देतो. तेही मनाला येईल तसं नाही. चर्चा पुढे चालू राहील अशाच बाजूनं द्यायचं, असा संकेत. आपल्याकडच्या मंगळवारी सकाळी तिथे अर्थसंकल्पाचं दुसरं वाचन होतं. तिथे अर्थसंकल्प पडला की सरकार पडतं. रुपा गैरहजर म्हणजे एक मत कमी, आणि एक मत कमी म्हणजे निवडणूक. दुरून मत द्यायची सोय साथीच्या काळात होती, नंतर त्यांनी ती बंद केली.

ती निवडून आल्यापासून मी हे सगळं वाचत होतो. उभं आयुष्य कॉलेजच्या ग्रंथालयात दुसऱ्यांना पुस्तकं काढून देण्यात गेलं. स्वतःसाठी असं काही वाचायचं कारण पहिल्यांदाच मिळालं होतं. त्यांचे नियम मी स्टेशनजवळच्या दुकानातून छापून आणले. तिथे पक्षांतरबंदीचा कायदा नाही. वाटलं तर सदस्य उठून समोरच्या बाकावर जाऊन बसू शकतो, आमदारकी जात नाही. तरी सहसा कुणी जात नाही. पक्षाची बंद दाराआड बैठक होते, तिथे वाटेल तेवढं भांडा. बाहेर आलात की एक मत. रुपा म्हणायची, “बाबा, खरी विधानसभा त्या खोलीतच असते.” माझ्याशी ती मराठीत बोलते, आईशी अहिराणीत. मला सगळ्यांत आवडलेली गोष्ट वेगळीच होती. नवा सभापती निवडला की दोन्ही पक्षांचे नेते त्याला दंडाला धरून खुर्चीपर्यंत ओढत नेतात आणि तो नको-नको म्हणत अंग मागे टाकतो. जुन्या काळी राजा सभापतीचं डोकं उडवायचा, म्हणून कुणी ती खुर्ची घ्यायला धजत नसे. त्याची ही आठवण. वाचून मला फार बरं वाटलं होतं. अंग मागे टाकणाऱ्या माणसासाठी जगात कुठेतरी एक रिवाज आहे.

आता जे सांगायचं ते मी मंगलाबाईलाही सांगितलेलं नव्हतं, आणि तिच्याशी माझं लग्न झालं तेव्हा नंदुरबारला टांगे होते. मला ऑपरेशन करायचं नव्हतं. डॉक्टरांनी विचारलं, “बुधवार चालेल?” मी “बरं” म्हणालो. नाही म्हणायला जो क्षण लागतो तो माझ्या हातून नेहमी निसटतो. आधी “बरं” बाहेर पडतं आणि मग मी त्याच्याकडे पाहत बसतो. पण आत मी हिशेब केलेला होता. सरकारचं बहुमत एकाचं. मतदान त्याच आठवड्यात. म्हणजे रुपा येऊ शकणार नाही. रुपा नाही म्हटल्यावर मंगलाबाईच म्हणेल, तारीख पुढे ढकला. पुढे ढकललेली तारीख मी पुन्हा ढकलेन. गोळ्यांवर माणसं कितीतरी वर्षं काढतात. असा मी एका परक्या विधानसभेच्या पाठीमागे लपून बसलो होतो, आणि तिथून मला वॉल्टर नावाच्या माणसानं बाहेर ओढलं.

वॉल्टर विरोधी पक्षाचा. गहू पिकवणारा, रुपाच्या शेजारच्या मतदारसंघातला, म्हातारा. एका पुलाच्या प्रश्नावरून त्यानं तिला सभागृहात असं सोललं होतं की त्या दिवशी मी जेवलो नव्हतो. त्या सभागृहांत एक जुनी पद्धत आहे: एका बाजूच्या सदस्याला काही खऱ्या अडचणीनं दूर राहावं लागलं, तर समोरच्या बाजूचा एक जण मतदानाच्या वेळी आपणहून बाहेर राहतो. तराजू होता तसा राहतो. ही जोडी दोन्ही पक्षांच्या प्रतोदांनी ठरवायची. विरोधी प्रतोदानं साफ नकार दिला, कारण सरकार पाडायची अशी संधी त्यांना पुन्हा कधी मिळणार? मग कॅन्टीनमध्ये वॉल्टर आपला सूपचा वाडगा घेऊन रुपाच्या टेबलापाशी आला आणि म्हणाला, तू वडिलांकडे जा, मी बाहेर बसतो. रुपानं फोनवर मला हे दोनदा सांगितलं. मी “वा, वा” म्हणालो. आणि कॅलेंडरावरच्या बुधवारकडे पाहत राहिलो.

सत्काराला धर्मेंद्र स्वतः गाडी घेऊन आला. मी मंगलाबाईच्या मागे उभा राहून म्हटलं, “धर्मेंद्र, मला बरं नाहीये.” तो म्हणाला, “मामा, ऑपरेशन ते बुधवारी शे. आज रविवारे घरमा बठीसन काय कराव?” मी सदऱ्याची बटणं लावली. रुपाही नको म्हणत होती, पण मंगलाबाईनं नवं पातळ नेसून चपला घातल्या होत्या. तिनं एकच सांगितलं, “आंडेर इतली मोठी जायनी, नि नातेवाईकस्नी तिले देखाव बी नही का?” गाडीत धर्मेंद्रनं विचारलं म्हणून रुपानं जोडीची ती पद्धत त्याला समजावून सांगितली. तो आरशातून तिच्याकडे पाहत होता.

“म्हंजे तो गडी बाहेर बठस. आनी त्याले काय भेटस?”

“काही नही भेटत.”

“मंग लिखी दिन्हं व्हई त्यानी.”

“लिखेल बी नही शे, धर्माभाऊ. सूप पेता पेता बोलना.”

त्यानं स्टिअरिंगवर थाप मारली. “मामा, आपली रुपाताई भोळी शे. फसाडी त्यास्नी तिले! ऐन टायमाले तो गडी मझार सभागृहमा जाई बठी.” मग तो खुलला. मागे एका पंचायतीच्या अविश्वास ठरावाच्या वेळी त्यानं सदस्यांना सापुताऱ्याला कसं ठेवलं होतं, मोबाईल कसे आपल्या पिशवीत जमा केले, एक जण संडासच्या खिडकीतून पळायला गेला नि अडकला, हे त्यानं हात सोडून सांगितलं. मंगलाबाई पदर तोंडाला लावून हसत होती. “आनी तो धडगावकडना दलसिंग! त्यानी माय दवाखानामा व्हती. रडे ना तो, पोऱ्यासारखा. मी सांगं, भो, मतदान व्हई जाऊ दे, मंग जाय मायकडे. गाडी डायरेक्ट सभागृहना दारमा उभी करी.”

“मग?” रुपानं विचारलं. “माय वाचनी का त्यानी?”

“कोन जाने,” धर्मेंद्र म्हणाला. “ठराव ते पास जायना.” आणि त्यानं हॉर्न वाजवला.

व्यासपीठावर जायला मी तयार नव्हतो. मी मागच्या रांगेत खांबाच्या आड बसलो होतो. धर्मेंद्र आणि त्याचा एक माणूस आले, त्यांनी मला दोन्ही दंडांना धरलं आणि ओढलं. मी अंग मागे टाकलं. लोक हसले, टाळ्या वाजल्या, कुणीतरी ओरडलं, “सर लाजी ऱ्हायनात!” मला ते सभापती आठवले, आणि त्यांचं ते मागे सरकणं खोटं असतं, माझं खरं आहे, एवढाच फरक आहे असंही वाटलं. शाल, नारळ, गुलाबाचा हार. ओल्या देठांचं पाणी सदऱ्यात झिरपत छातीवरून खाली उतरत होतं, बरोबर तिथून, जिथून ते कापणार होते. माईकवर धर्मेंद्र छापील मराठीत गर्जत होता की नंदुरबारच्या मातीचा आवाज आज कॅनडाच्या विधानसभेत घुमतो आहे. समोर मोबाईलची रांग वर झाली. त्या क्षणी मला सगळं कळलं. रुपाची रजा वडिलांच्या आजारपणाची आहे आणि वडील हार घालून दात दाखवताहेत. मला उठायचं होतं. एवढंच करायचं होतं, उठून खाली यायचं. त्या सभागृहाच्या नियमांतलं कलम न् कलम मला ठाऊक होतं आणि मी खुर्चीत बसून राहिलो. मी हसत नव्हतो हे इथे सांगून ठेवतो. भीती वाटली की माझे ओठ तसे होतात.

फोटो त्याच रात्री कॅनडातल्या मराठी मंडळाच्या ग्रुपवर गेला, आणि मंडळातल्या कुणीतरी अभिमानानं तो सगळीकडे पाठवला. सोमवारी सकाळी आम्ही चहा घेत होतो तेव्हा रुपाचा फोन वाजायला लागला तो थांबेना. तिकडे रविवारची संध्याकाळ होती. आधी तिचा प्रतोद; त्याचा आवाज मला टेबलाच्या या टोकाला ऐकू येत होता. मग एक बातमीदार. ‘आजारी वडिलांसाठी गेलेल्या आमदार हारतुऱ्यांत,’ अशी काहीतरी बातमी होती आणि खाली आमचा फोटो, त्यात मी. मंगलाबाईनं गॅस बंद केला. मग वॉल्टर. रुपा उभी राहिली. तिनं फक्त “हो” म्हटलं, मग ऐकलं, मग पुन्हा “हो” म्हटलं आणि फोन ठेवला.

“काय म्हणाला?” मी विचारलं.

“फोटो त्याच्या नेत्यानं त्याच्यासमोर टेबलावर ठेवला म्हणे. त्यानं मला एवढंच विचारलं, तू ज्या कामाला गेलीस त्याच कामाला गेली आहेस ना? मी हो म्हटलं.”

“मग बाहेर बसणार का तो?”

“ते तो नाही बोलला. मी नाही विचारलं.”

मी लगबगीनं कपाटापाशी गेलो. “माझे रिपोर्ट पाठव त्याला. शिक्का आहे, तारीख आहे, हृदयाचं चित्रसुद्धा आहे.” फाईल काढताना मला एकदम आनंद होत होता, कारण कागदावर माझा फार विश्वास आहे. रुपानं फाईल माझ्या हातातून घेतली आणि परत कपाटात ठेवली. “बाबा, त्यानं कागद मागितला नाहीये. कागद पाठवायचा तर मग शब्द कशाला?” ती रागावली नव्हती. राग आला असता तर मला सोपं गेलं असतं. ती खिडकीशी जाऊन उभी राहिली, आणि तिची पाठ मला एकदम ओळखीची वाटली. दहावीच्या निकालाच्या दिवशी ती अशीच उभी होती.

दुपारी मी बाहेर पडलो. चालत चालत मिरचीच्या पथारीपर्यंत गेलो. जमीनभर लाल मिरची वाळत घातलेली, बायका तोंडाला फडकी बांधून ती परतत होत्या, आणि वाऱ्यात तो ठसका, जो आम्हा नंदुरबारकरांना जाणवत नाही असं आम्ही म्हणतो. मला जाणवत होता. खोकलो की छातीत एक दोरी ताणली जायची. आता यात दुसरं कुणी नाही, असं मला वाटत होतं. वॉल्टरनं रुपाला विचारलं, रुपा हो म्हणाली. तिच्या बाजूनं ते खरं आहे. पण त्या हो-खाली जे आहे ते माझ्याकडे आहे. बुधवारी मी टेबलावर चढलो नाही तर ती खोटं बोलली असं होईल, तिला ठाऊकही नसताना. आणि मी चढणार नव्हतो. स्टेशनवर गेल्यावर मंगलाबाईला काय सांगायचं ते वाक्य माझं तयार होतं: ‘मला वाटतं, थोडं थांबून पाहू.’ किती साधं वाक्य. मला कळसाडी आठवलं, आमचं गाव. देवी टोचणारा आला होता. मी घराच्या मागच्या खोलीत, छतापर्यंत रचलेल्या कापसात शिरलो होतो. नाकातोंडात तंतू, कानात स्वतःच्याच रक्ताचा आवाज. ओट्यावरून, माझ्याबद्दल सांगणारा बापाचा आवाज आला: “आंडोर गावमा नही. मामाना गाव जायेल शे.” माझ्या बापाला खोटं बोलताना मी ऐकलं ते तेवढंच. तो मला कापसात शिरताना पाहून गेला होता आणि काही बोलला नव्हता. त्या उबेत, अंधारात, मी नाही असं जाहीर झालेलं असताना, मला जे सुख झालं तसं पुढे कधी झालं नाही. नंतर मी ते सगळीकडे शोधलं. ग्रंथालयाच्या कपाटांच्या मधल्या वाटा बऱ्याचशा तशाच असतात. पण त्या दिवशी पथारीच्या कडेला उभा असताना पहिल्यांदा मनात आलं, की मी कापसात होतो तेव्हा ओट्यावर माझ्या बापाला त्या माणसाच्या डोळ्याला डोळा द्यावा लागला असेल. एक बाई फडकं खाली करून म्हणाली, “बाबा, आठे नका उभा ऱ्हाऊ, जीव घाबरी तुम्हना.” मी बरं म्हणालो आणि सरकलो.

मंगळवारी सकाळी, तिकडच्या सोमवारी संध्याकाळी, रुपानं संगणकावर सभागृहाचं थेट प्रक्षेपण लावून दिलं आणि स्वतः स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभी राहिली. दुपारच्या गाडीनं आम्हाला सुरतेला निघायचं होतं. बॅगा दाराशी होत्या. धर्मेंद्र फाफडा घेऊन आला होता. फोटोचं त्याला समजलं होतं आणि तो वरमला होता, पण त्याचं वरमणंही मोठ्या आवाजातच असतं. “रुपाताई, मन्ही चूक जायनी. मी सांगू का त्या गडीले फोनवर? हिंदी समजस का त्याले?” मंगलाबाई म्हणाली, “तू फाफडा खाय, नि गप बठ.”

पडद्यावर ती हिरवट गालिच्याची खोली. दोन बाजूंना बाकं, मध्ये रिकामी जागा. रुपाची खुर्ची दुसऱ्या रांगेत, मला पाठ होती. ती रिकामी होती. समोरच्या बाजूला शेवटून दुसरी वॉल्टरची. तीही रिकामी होती, पण तिच्या पाठीवर एक कोट टाकलेला होता. कोट ठेवणारा माणूस परत येतो. विरोधी नेता बोलत होता, उंच, लाल चेहऱ्याचा. अर्थसंकल्पावरून तो हळूहळू वळला आणि म्हणाला की काही सदस्यांना या प्रांताच्या पैशाअडक्यापेक्षा परदेशातले हार जास्त प्रिय वाटतात, म्हणूनच आज त्यांची जागा... सभापती उठून उभे राहिले. ते उभे राहिले की बाकीच्यांनी बसायचं असतं. ते म्हणाले, सभागृहात कोण हजर आहे आणि कोण नाही याचा उल्लेख करता येत नाही, हे सन्माननीय सदस्यांना ठाऊक आहे. नेता बसला.

“का बरं?” धर्मेंद्रनं विचारलं. “खाली खुर्ची ते देखाईच ऱ्हायनी.”

“दिसते, पण बोलायचं नाही,” मी म्हणालो. “माणूस का आला नाही ते तिथे सांगता येत नाही. म्हणून कुणी विचारायचंही नाही.”

मग घंटा वाजू लागल्या. मतदानाआधी साऱ्या इमारतीत त्या वाजत राहतात, सदस्यांनी यावं म्हणून. त्या लहानशा संगणकातून आमच्या घरात त्या वाजत होत्या. माणसं आत येत होती, बसत होती, कुणी पाणी पीत होतं. दार उघडलं आणि वॉल्टर आत आला. मी त्याला लगेच ओळखलं, त्याच्या चालण्यावरून. गुडघे गेलेला शेतकरी जगात कुठेही तसाच चालतो. त्याच्या बाजूच्या बाकांवर कुणीतरी बाकावर हात आपटला, मग सगळ्यांनीच आपटले. स्वागत होतं ते. “देखं?” धर्मेंद्र हळूच म्हणाला, “मी काय सांगेल व्हतं?” आणि त्याच्या आवाजात आनंद नव्हता. वॉल्टर आपल्या खुर्चीपर्यंत आला. उभा राहिला. त्याचा नेता मागे वळून त्याच्याकडे पाहत होता. मला लाज वाटते सांगायला, पण त्या क्षणी माझ्या मनात कुठेतरी असं आलं, बस. बस म्हणजे मी सुटलो. तू शब्द मोडलास की माझ्यावर कुणाचा शब्द उरत नाही. वॉल्टरनं खुर्चीच्या पाठीवरचा कोट उचलला. झटकला. हातावर घेतला. मग सभापतींकडे वळून त्यानं मान लववली, जाताना लववतात तशी, आणि त्याच गुडघ्यांनी ती सगळी लांबच लांब खोली ओलांडून तो दाराबाहेर गेला. बाकांवरचे हात जिथल्या तिथे राहिले होते. घंटा थांबल्या. दारं लागली.

पुढचं मी नीट पाहिलं नाही. एकेक जण उभा राहत होता, लिपिक नावं घेत होता. सारखी मतं पडली. सभापती म्हणाले की चर्चेला आणखी वाव मिळावा म्हणून मी अर्थसंकल्पाच्या बाजूनं मत देतो. सरकार राहिलं. रुपा दारातून आली नाही. तिनं तिथेच भिंतीला डोकं टेकलं होतं.

“त्यानं तिकिट कटी जाई आते,” धर्मेंद्र म्हणाला.

“बहुतेक,” रुपा म्हणाली.

त्यानं फाफड्याचा तुकडा मोडला आणि खाल्ला नाही. मग माझ्याकडे न पाहता विचारलं, “मामा, तो दलसिंग आते कथा ऱ्हास, काही मालूम शे का तुम्हले? धडगावलेच का?” मी म्हटलं, मला माहीत नाही. तो म्हणाला, जीपवाल्यांना विचारतो.

मंगलाबाई पोळ्या बांधायला आत गेली तेव्हा रुपा माझ्यासमोर येऊन बसली. माझे हात तिनं आपल्या हातात घेतले नाहीत. आमच्याकडे तशी सवय नाही. ती फरशीकडे पाहत म्हणाली, “बाबा, तुम्हाला जायचं नाहीये. मला कळतंय ते. आल्या दिवसापासून कळतंय.” “आई समजते की तुम्ही तयार आहात. मी तिला काही सांगितलेलं नाही. तुम्ही नको म्हणालात तर मी डॉक्टरांशी बोलेन. वॉल्टरला मी सांगेन. तो काही म्हणणार नाही. खरंच काही म्हणणार नाही.”

हे ती मला सुटका म्हणून देत होती आणि ती सुटका खरी होती. कुणीही काही म्हणणार नव्हतं, हेच मला सहन होईना. ओट्यावर उभा राहून आणखी एक माणूस माझ्या वतीनं बोलणार होता, आणि मी कापसात. माझी भीती गेली असं मी लिहिणार नाही. ती तिथेच होती, हाराच्या पाण्यासारखी गार, छातीवरून खाली उतरत. मला अजूनही खात्री नाही की मी जे केलं ते धैर्यानं केलं. एखादेवेळी मी नेहमीसारखा नुसता सरकलोही असेन. मी विचारलं, “गाडी कितीची आहे?”

रुपानं माझ्याकडे पाहिलं. “आहे अजून वेळ,” ती म्हणाली.

नंदुरबार स्टेशनच्या फलाटावर मिरचीची पोती रचलेली होती आणि त्यांच्या सावलीत आम्ही चौघं उभे होतो. धर्मेंद्रनं बॅगा खाली ठेवल्या, घाम पुसला आणि सवयीनं मोबाईल काढून वर धरला. “मामा, मामी, जरा इकडे देखा. ताई, तू मझार ये.”

“नाही,” मी म्हणालो.

तो थांबला. मीही थांबलो. तो शब्द माझ्याच तोंडून निघाला होता, हे पटायची मी वाट पाहत होतो.

“फोटो नको, धर्मेंद्र.”

“बरं, मामा.” त्यानं मोबाईल खिशात घातला. “पन लोके इचारतीन ना, सर देखाई नही ऱ्हायनात, कथा गयात? काय सांगू?”

“काही सांगू नको. कोण हजर नाही ते बोलायचं नसतं.”

गाडी आली. डब्याच्या पायऱ्या उंच होत्या आणि माझा श्वास तोकडा. एका बाजूनं रुपानं माझा दंड धरला, दुसऱ्या बाजूनं धर्मेंद्रनं. मंगलाबाई आधीच वर चढून, हात पुढे करून, “या, या,” म्हणत होती. मी जरासं अंग मागे टाकलं. तेवढा रिवाज आहे. मग पाय उचलला.